कूस बदलण्याचा इतिहास

घरातल्या वृद्ध माणसाचे उठणे-बसणे थांबले की आपण म्हणतो, 'त्यांनी अंथरूण धरलं.' या वाक्यात माणूस कर्ता आहे. अंथरूण निमूटपणे धरले जाते. वृद्धांच्या शुश्रूषेचा इतिहास वाचू लागल्यावर मात्र मला या कर्त्याची आणि कर्माची अदलाबदल करावीशी वाटू लागली. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतल्या अनेक रुग्णालयांत वृद्धांना अंथरुणानेच धरून ठेवले होते. तिथे ती माणसे रोगामुळे पोहोचली हे खरे. पण पुढे वर्षानुवर्षे पडून राहिली ती व्यवस्थेच्या सोयीमुळे, मनुष्यबळाच्या टंचाईमुळे आणि 'म्हाताऱ्या माणसाचं आता आणखी काय व्हायचं आहे' या समजुतीमुळे.

या पकडीची सर्वांत उघड खूण म्हणजे शय्याव्रण, आपण सर्रास ज्याला 'बेडसोअर' म्हणतो ती जखम. माकडहाड, खुबे, टाचा अशा ठिकाणी हाड कातडीच्या अगदी जवळ असते. तिथे शरीराचा भार सतत एकाच जागी पडत राहिला की रक्तपुरवठा तुटतो, कातडी लाल होते, मग काळवंडते आणि आतले मांस मरू लागते. परिचर्या महाविद्यालयात मी हा धडा अनेक तुकड्यांना शिकवला. विद्यार्थिनींना 'नॉर्टन स्केल' तोंडपाठ असे. नॉर्टन म्हणजे कोण, असे विचारले की वर्ग गप्प होई. त्यात त्यांचा दोष नव्हता. पाठ्यपुस्तकात त्या आडनावापलीकडे एक शब्द नव्हता.

प्रस्तुत लेखात मला या जखमेची, तिच्याविषयीच्या एका दीर्घ वादाची आणि तो वाद मोजमापाने निकालात काढणाऱ्या परिचारिकेची हकीकत सांगायची आहे. ही हकीकत मुख्यतः इंग्लंडमधली आहे, कारण वृद्धांच्या शुश्रूषेला स्वतंत्र विद्येचे रूप ज्या ठिकाणी आले त्यांतले ते एक महत्त्वाचे ठिकाण. माझे म्हणणे थोडक्यात असे, की वृद्धांची सेवा हे हलके काम मानले गेल्यामुळे त्यात दडलेले ज्ञान ओळखायला शंभर वर्षे लागली, आणि आपल्याकडे ती ओळख अजूनही पुरती पटलेली नाही.

वर्कहाऊसमधली 'नर्स'

१८३४ साली इंग्लंडमध्ये गरिबांविषयीचा नवा कायदा झाला. सरकारी मदत हवी असेल तर घर सोडून वर्कहाऊसमध्ये यावे, आणि तिथले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्यापेक्षाही निकृष्ट असावे, असे त्यामागचे धोरण होते. धडधाकट आळशी माणसाला धाक बसावा हा हेतू. प्रत्यक्षात वर्कहाऊसे भरली ती अनाथ मुलांनी, आजाऱ्यांनी आणि म्हाताऱ्यांनी. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला अशी विभागणी असल्याने आयुष्यभर एकत्र राहिलेली जोडपीही दारातच वेगळी होत. साठी उलटलेल्या जोडप्यांना एकत्र राहण्याची कायदेशीर मुभा मिळायला १८४७ साल उजाडावे लागले.

मोठमोठी धर्मादाय रुग्णालये जुनाट दुखणी असलेल्या वृद्धांना सहसा दाखल करून घेत नसत. जो रुग्ण बरा होण्यासारखा, ज्याच्यावर विद्यार्थ्यांना काही शिकता येईल, तो त्यांचा. उरलेले वर्कहाऊसच्या आजारी-विभागात जात. तिथे शुश्रूषा कोण करी? तिथल्याच निराधार बायका. त्यांना पगार नसे. थोडे जास्त अन्न, चहा, बिअर एवढाच मोबदला. त्यांतल्या कितीतरी जणी स्वतःच साठीच्या पुढच्या, कुणाला दिसत नाही, कुणाला औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचता येत नाही. थकलेल्या म्हाताऱ्या बायका खाटेवरच्या म्हाताऱ्यांना पाणी पाजत होत्या. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्यांच्यावर हे काम लादले गेले त्यांनाही निवडीचा अधिकार नव्हता, हे विसरता येत नाही.

१८६४ च्या डिसेंबरात टिमथी डेली नावाचा एक आयरिश मजूर लंडनमध्ये मरण पावला. तो वृद्ध नव्हता, ऐन तिशीच्या आतला होता. होल्बर्न वर्कहाऊसच्या आजारी-विभागात तो संधिज्वराने पडून राहिला, अंगाला शय्याव्रणे झाली, आणि दुसऱ्या रुग्णालयात हलवल्यावर त्याने प्राण सोडला. वर्तमानपत्रांनी प्रकरण उचलून धरले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने लगेच या खात्याच्या मंत्र्यांना पत्र लिहून वर्कहाऊसमधल्या शुश्रूषेचा प्रश्न पुढे रेटला. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने १८६५ मध्ये स्वतःचे चौकशी मंडळ नेमून लंडनच्या वर्कहाऊसमधले आजारी-विभाग धुंडाळले. आज वाचताना जाणवते ते असे, की जी जखम शेकडो म्हाताऱ्यांच्या पाठीवर रोज होत होती, ती एका तरुणाच्या पाठीवर झाली तेव्हा बातमी झाली.

त्याच वर्षी लिव्हरपूलच्या वर्कहाऊस रुग्णालयात एक प्रयोग सुरू झाला. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने खर्च उचलला आणि नाइटिंगेलच्या शाळेत शिकलेली अ‍ॅग्नेस जोन्स बारा प्रशिक्षित परिचारिकांसह तिथे रुजू झाली. रुग्ण बाराशेच्या वर. तिथल्याच निवडक निराधार बायकांना थोडा पगार देऊन शिकवावे, असाही प्रयत्न तिने केला; त्यांतल्या बऱ्याच जणींना दारूपायी काढून टाकावे लागले. तीन वर्षांच्या आत, फेब्रुवारी १८६८ मध्ये, टायफस तापाने अ‍ॅग्नेस गेली. तिचे वय ३५ होते. पण शिकलेली, पगारी परिचारिका वर्कहाऊसमध्येही काम करू शकते, हे तोवर सिद्ध झाले होते. पुढे लुइझा ट्वायनिंगसारख्या कार्यकर्त्या तीन दशके हा विषय लावून धरत राहिल्या, आणि १८९७ साली सरकारी आदेश निघाला: वर्कहाऊसमधल्या निराधारांनी यापुढे 'नर्स' म्हणून काम करायचे नाही.

जखम कोणाची?

हे सगळे चालू असताना युरोपातल्या वैद्यकविश्वात एक वाद रंगला होता. शय्याव्रण का होते?

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात हजारो वृद्ध स्त्रिया राहत. १८६२ पासून तिथे काम करणारा झां-मार्तं शार्को हा मज्जासंस्थेच्या विकारांचा त्या काळातला सर्वांत मोठा अधिकारी. वार्धक्यातल्या रोगांवरची त्याची व्याख्यानेही प्रसिद्ध आहेत. मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाल्यावर काही रुग्णांच्या पाठीवर फार झपाट्याने जखम होते, हे त्याने टिपले आणि निष्कर्ष काढला की मज्जातंतूंच्या बिघाडामुळे कातडीचे पोषणच थांबते. या जखमेला त्याने लॅटिनमध्ये जे नाव दिले त्याचा अर्थ 'अपशकुनी व्रण' असा होतो. ती दिसली म्हणजे मृत्यू जवळ आला.

शार्कोचे निरीक्षण बारीक होते, निष्कर्षाचा परिणाम मात्र घातक. जखम जर आतल्या बिघाडातून येत असेल, तर कूस बदलून, चादर कोरडी ठेवून काय साधणार? याच्या आधीच, १८५० च्या दशकात, ब्राउन-सेकार या शरीरशास्त्रज्ञाने प्राण्यांवरच्या प्रयोगांतून वेगळे दाखवले होते. मज्जारज्जू तुटलेल्या प्राण्यालाही दाब आणि ओल यांपासून वाचवले तर जखम होत नाही. तरीही शार्कोच्या नावाचा दबदबा मोठा होता आणि शय्याव्रण हे अटळ आहे ही समजूत दीर्घकाळ टिकली.

नाइटिंगेलने १८५९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या शुश्रूषेवरच्या छोट्या पुस्तकात नेमकी उलट बाजू मांडली होती. रुग्णाला शय्याव्रण झाले तर बहुधा तो रोगाचा दोष नसून शुश्रूषेचा असतो, असा तिच्या म्हणण्याचा आशय. हे विधान परिचारिकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी मनावर कोरून घेतले. वॉर्डात एखाद्या रुग्णाला जखम झाली की सिस्टरची मान खाली जाई.

या दोन मतांच्या मध्ये परिचारिका कशी सापडली ते पाहण्यासारखे आहे. शार्कोचे मानले तर तिच्या कष्टांना अर्थ नाही. नाइटिंगेलचे मानले तर प्रत्येक जखम हा तिचा गुन्हा, मग तिच्या वाट्याला दहा रुग्ण असोत की साठ. एका मताने तिचे ज्ञान नाकारले, दुसऱ्याने तिच्यावर सगळा भार टाकला. कोणत्या रुग्णाला धोका अधिक, कोणत्या उपायाने खरोखर फरक पडतो, हे तपासायला मात्र कोणी बसले नाही. परिचारिकांनी ते करावे असे कोणाला सुचले नाही, कारण मोजणे आणि तपासणे हे त्यांचे काम मानलेच जात नव्हते.

सातशे चौदा खाटा

१९०९ साली न्यूयॉर्कच्या इग्नात्स नॅशर या डॉक्टरने वृद्धांच्या वैद्यकाला 'जेरिअ‍ॅट्रिक्स' हे नाव दिले. नाव मिळाले, तरी खाटांवरची परिस्थिती फारशी बदलली नाही. इंग्लंडमध्ये १९२९ च्या कायद्याने गरिबांच्या देखरेखीची जुनी मंडळे बरखास्त झाली आणि वर्कहाऊसची रुग्णालये स्थानिक सरकारांकडे आली. अशाच एका हस्तांतरात, १९३५ मध्ये, लंडनच्या पश्चिमेकडील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या वर्कहाऊसचे ७१४ रुग्ण सोपवण्यात आले. त्यांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरन यांच्यावर आली.

वॉरन यांनी एकेका रुग्णाला तपासले. कोणाला पक्षाघात होऊन गेला होता, कोणाचे खुब्याचे हाड मोडले होते, आणि कोणाला काय झाले होते हे कोणी कधी पाहिलेच नव्हते. कितीतरी जण केवळ उठवले नाही म्हणून पडून होते. सांधे आखडले, स्नायू वाळले, लघवीवरचा ताबा गेला, मन विझले. वॉरन यांनी रुग्णांची वर्गवारी केली, वॉर्डांना उजळ रंग दिला, उजेड वाढवला, भिंतींना धरायला कठडे लावले आणि माणसांना खाटेवरून खाली उतरवायला सुरुवात केली. पुष्कळ जण चालू लागले, काही घरी गेले. काही वर्षांत खाटांची गरज ७१४ वरून सुमारे २४० वर आली. १९४३ आणि १९४६ च्या आपल्या लेखांत त्यांनी आग्रह धरला की वृद्धांचे विभाग सर्वसाधारण रुग्णालयाच्या आवारातच हवेत. तसे झाले तरच वैद्यकीय विद्यार्थी आणि परिचारिका हे काम शिकतील.

१९४७ च्या डिसेंबरात रिचर्ड अ‍ॅशर या डॉक्टरचा एक खुसखुशीत, बोचरा लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. विषय होता, अंथरुणात पडून राहण्याचे धोके. फुप्फुसे, शिरा, हाडे, स्नायू, त्वचा, मन अशा एकेका अवयवाचे पडून राहण्याने काय होते ते त्याने सांगितले. विश्रांती म्हणून ज्याची योजना होत होती तेच रोगाचे कारण असू शकते, हे आता मोठ्याने बोलले जाऊ लागले.

वॉरन यांचे ऋण मोठे आहे. पण इतिहास वाचताना माझे लक्ष एका रिकाम्या जागेकडे जाते. पक्षाघाताने अर्धे अंग गेलेल्या माणसाला खाटेच्या कडेला बसवणे, त्याचा पाय जमिनीला टेकवणे, तो पडेल या भीतीने स्वतःचे गुडघे त्याच्या गुडघ्यांना लावून उभे राहणे, अंगरखा घालताना लुळा हात आधी बाहीत घालणे, दर दोन-तीन तासांनी त्याला शौचास नेऊन चादर कोरडी ठेवणे हे वॉरन यांच्या फेरीच्या आधी आणि नंतर, दिवसाचे चोवीस तास कोणी केले? त्या परिचारिकांची नावे आपल्याला माहीत नाहीत. लेखाखाली सही डॉक्टरांची असते.

डोरीन नॉर्टनचे मोजमाप

ही रिकामी जागा १९६२ साली काही अंशी भरली. लंडनच्या उत्तरेकडच्या व्हिटिंग्टन रुग्णालयात झालेल्या एका संशोधनाचा अहवाल त्या वर्षी प्रसिद्ध झाला. विषय होता, रुग्णालयातल्या वृद्धांच्या शुश्रूषेतील अडचणी. लेखकांची नावे तीन: डोरीन नॉर्टन, रोडा मॅक्लारेन आणि ए. एन. एक्स्टन-स्मिथ. तिसरे डॉक्टर होते. पहिले नाव परिचारिकेचे होते आणि माझ्या लेखी ही गोष्ट लहान नाही. वृद्धांसाठी काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेने या कामाला पैसा दिला होता.

नॉर्टनने वॉर्डातल्या अगदी साध्या गोष्टी अभ्यासाला घेतल्या. वृद्धांना कोणते कपडे घालायला सोपे जातात? खुर्ची कशी असली तर त्यातून उठता येते? पलंगाचे सामान कसे असावे? आणि पाठीवरच्या जखमेचे काय? तोवर प्रत्येक वॉर्डाची आपली परंपरा होती. कुठे साबण-पाण्याने पाठ चोळत, कुठे स्पिरिट आणि पावडर, कुठे एरंडेल-झिंकचे मलम. प्रत्येक सिस्टरचा आपल्या उपायावर विश्वास. आपल्याकडच्या जुन्या परिचारिकांना स्पिरिट-पावडरचा तो वास आठवत असेल.

या उपायांची तुलना करायची तर आधी रुग्णांची तुलना करता आली पाहिजे. धडधाकट म्हाताऱ्याला जखम झाली नाही याचे श्रेय मलमाला कसे द्यायचे? या गरजेतून एक मोजपट्टी तयार झाली. पाच प्रश्न: शरीराची एकंदर स्थिती कशी आहे, मनाची स्थिती कशी आहे, रुग्ण किती हिंडतो-फिरतो, पडल्या पडल्या स्वतःचे अंग किती हलवू शकतो, आणि लघवी-शौचावर ताबा आहे का. प्रत्येकाला १ ते ४ गुण. सर्वांत चांगली स्थिती २० गुणांची, सर्वांत वाईट ५ ची. १४ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे धोका. प्रयोगशाळा नको, सुई नको, यंत्र नको. खाटेशेजारी उभे राहून जाणती परिचारिका जे रोजच पाहत होती, ते फक्त आकड्यांत मांडले होते.

अभ्यासातल्या २५० वृद्ध रुग्णांपैकी सुमारे २४ टक्क्यांना जखमा झाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक दाखल झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत. गुण जितके कमी तितके जखमांचे प्रमाण जास्त. मलमे आणि चोळण्याचे प्रकार यांच्यात डोळ्यांत भरेल असा फरक निघाला नाही. फरक पडला तो दर दोन-तीन तासांनी कूस बदलल्याने. तिथे जखमांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्या काळात तर असेही स्पष्ट झाले की दाबाच्या जागी जोरजोराने चोळल्याने नाजूक झालेल्या ऊतींना उलट इजाच होते.

याच सुमारास, १९६१ मध्ये, एक्स्टन-स्मिथ आणि शेर्विन यांनी आणखी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. पन्नास वृद्ध रुग्ण रात्री झोपेत किती वेळा हलतात, याची त्यांनी उपकरण लावून नोंद घेतली. जे रात्रीतून पन्नासहून अधिक वेळा हलले त्यांना जखमा झाल्या नाहीत. वीसपेक्षा कमी वेळा हललेल्या दहापैकी नऊ जणांना झाल्या. निरोगी माणूस झोपेत आपली आपण कूस बदलत असतो, हे आपल्या लक्षातही येत नाही. ती हालचाल थांबते तेव्हा ती दुसऱ्या कोणीतरी करून द्यावी लागते. शुश्रूषेची याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

शार्को आणि नाइटिंगेल यांच्या वादाचा निकाल असा लागला. जखम अटळ नव्हती. म्हणजे शार्कोची भविष्यवाणी चुकली. ती केवळ परिचारिकेच्या हलगर्जीपणामुळेही होत नव्हती. कोणाला होणार हे बरेचसे आधी सांगता येत होते, आणि टाळण्यासाठी किती हात, किती वेळा लागतील याचा हिशेब मांडता येत होता. हा हिशेब मांडता येणे परिचारिकेच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. 'मला आणखी एक मदतनीस हवी' ही तिची जुनी विनवणी आता आकड्यांच्या आधारे करता येणार होती.

नॉर्टनच्या मोजपट्टीनंतर इतर अनेक आल्या. ब्रिटनमध्ये ज्यूडी वॉटरलोची १९८५ मध्ये, अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची १९८७ मध्ये. सगळ्या परिचर्येच्या क्षेत्रातल्या स्त्रिया. या मोजपट्ट्यांना मर्यादा आहेत. कागदावर गुण लिहिल्याने जखम टळत नाही, गुण पाहून कोणीतरी उठून रुग्णाजवळ जावे लागते. काही रुग्णालयांत तर गुण नियमाने भरले जातात आणि कूस तशीच राहते. पण वृद्धाच्या खाटेशेजारचे काम हे अभ्यासाचे, मोजण्याचे आणि शिकवण्याचे काम आहे, हे नॉर्टनने कायमचे दाखवून दिले.

दुसरी बाजू

इथे थांबले तर हा लेख परिचारिकांची आरती होईल. त्याच दशकात एक काळे प्रकरणही उघडकीला आले. बार्बरा रॉब या मानसोपचारतज्ज्ञ स्त्रीने १९६७ मध्ये 'सान्स एव्हरीथिंग' हे पुस्तक संपादित केले. शेक्सपिअरने वर्णिलेल्या माणसाच्या सात अवस्थांपैकी शेवटच्या, सर्वस्व गमावलेल्या अवस्थेवरून हे नाव घेतले आहे. इंग्लंडच्या मनोरुग्णालयांतल्या वृद्धांचे चश्मे, कवळ्या, श्रवणयंत्रे काढून घेतली जातात, त्यांना दरडावले जाते, मारलेही जाते, असे आरोप त्यात होते. हे करणाऱ्यांत परिचारिका होत्या. सरकारी चौकशीने १९६८ मध्ये बहुतेक आरोप फेटाळले. पण १९६९ मध्ये कार्डिफच्या इली रुग्णालयाविषयीचा अहवाल आला आणि अशी क्रूरता ही कपोलकल्पना नाही हे मान्य करावे लागले. ते रुग्णालय मुख्यतः मतिमंद रुग्णांचे होते, तरी प्रश्न तोच होता. सगळ्या जगाने विसरलेल्या माणसांबरोबर मूठभर कर्मचाऱ्यांना बंद दारांआड ठेवले की काय होते?

या प्रकरणातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. रॉब यांच्या पुस्तकातल्या साक्षीदारांमध्येही परिचारिका होत्या, आणि इलीची चौकशी सुरू झाली ती तिथल्याच एका परिचर्या-साहाय्यकाच्या तक्रारीवरून. म्हणजे दोषी त्यांच्यातले होते आणि साक्षीही त्यांच्यातल्याच होत्या. वृद्धांशी होणारी वागणूक रोज, जवळून पाहणारे दुसरे होतेच कोण?

आपल्याकडे

महाराष्ट्रातल्या परिचर्येचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुली, विशेषतः विधवा, ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, तेही जातपात न पाहता, याला केवढा विरोध झाला असेल याची कल्पना करता येते. ज्या हालचालीला नॉर्टनने शास्त्राचा दर्जा दिला, तिच्यावर आपल्याकडे विटाळाची सावली होती. ती अजून पूर्ण सरली आहे असे मी म्हणणार नाही.

आपल्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा भर पहिल्यापासून बाळंतपण, बालसंगोपन, साथीचे रोग आणि कुटुंबनियोजन यांवर राहिला. ते योग्यच होते. त्या काळची मरणे तिथली होती. गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकेच्या वहीत गरोदर बाई होती, तान्हे मूल होते. पडवीत पडलेली आजी नव्हती. तिला सून पाहत असे, आणि ती सून स्वतः पन्नाशीची झाली तरी कोणी तिला कसे उचलायचे, कसे वळवायचे हे शिकवत नसे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो २०१०-११ मध्ये. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची सुमारे १० कोटी ३८ लाख माणसे होती. महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळजवळ एक. वृद्धांच्या शुश्रूषेचा स्वतंत्र पदविका अभ्यासक्रम आज आहे, पण शहरांतल्या घराघरांत प्रत्यक्ष काम करते ती 'ब्युरो'तून बारा तासांसाठी आलेली बाई. रुग्णालयातल्या परिचारिकेला आपण 'सिस्टर' म्हणतो, हिला 'मावशी'. नाते जोडायला आपण उशीर करत नाही. प्रशिक्षण, साप्ताहिक सुट्टी आणि रास्त मोबदला यांची वेळ आली की मात्र ते नाते आठवत नाही. वर्कहाऊसमधल्या त्या बिनपगारी नर्सची आठवण मला इथे होते.

आणि तरीही, आपल्या मुंबईत या विद्येचा जो कस लागला त्याला जगात तोड सापडणे कठीण. केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी कामाच्याच जागी अमानुष हल्ला झाला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती पुन्हा कधी स्वतःच्या पायांवर उभी राहिली नाही. त्या वेळी ती पंचविशीत होती. १८ मे २०१५ रोजी ती गेली तेव्हा तिने साठी ओलांडून बराच काळ झाला होता. म्हणजे ती तरुणपणी त्या खोलीत आली आणि तिथेच वृद्ध झाली. तिला दुसरीकडे हलवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा परिचारिकांनी विरोध केला. ज्यांनी तिला सहकारी म्हणून पाहिले होते त्या निवृत्त झाल्या. ज्यांचा जन्मही १९७३ नंतरचा, त्या तिला भरवू लागल्या.

तिच्या दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. त्या निकालाच्या कायदेशीर बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि तसे जगणे तिला हवे होते का, हा प्रश्न कोणत्याही शुश्रूषेने मिटणारा नाही. माझा मुद्दा मर्यादित आहे. केईएमने न्यायालयासमोर मांडलेल्या माहितीत एक साधी गोष्ट होती: एवढ्या वर्षांत तिला एकदाही शय्याव्रण झाले नाही. न्यायमूर्तींनी या परिचारिकांच्या सेवेचा निकालपत्रात गौरवाने उल्लेख केला आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयातल्या या सेवकवर्गाचा मानला. खाटेशेजारी उभे राहून मिळवलेले ज्ञान हा पुरावा असतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केल्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

या पुराव्यामागे किती श्रम असतील? पडून असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हा वॉर्डातला नेहमीचा दंडक. नुसता अंदाज यावा म्हणून गुणाकार केला तर दिवसाला १२ वेळा, वर्षाला ४,३८० वेळा, आणि साडेएकेचाळीस वर्षांत पावणेदोन लाखांहून अधिक वेळा. कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात या पावणेदोन लाख कृतींची नोंद नाही. ती त्या वॉर्डातल्या रोजच्या तक्त्यांवर, तीन पाळ्यांतल्या आद्याक्षरांच्या सह्यांत विखुरलेली होती, आणि असे जुने तक्ते कोणी जपून ठेवत नाही. ते जपायला हवेत. वृद्धांच्या शुश्रूषेचा आपला इतिहास लिहायचा झाला, तर त्याची सुरुवात त्या कागदांपासून करावी लागेल.